जमिनीचा कागद, शब्दकोश आणि बर्फ : बिशप फ्रेडरिक बारागा यांचे प्रकरण

1 नोव्हेंबर 1853 रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप जॉन पर्सेल यांच्या हातून फ्रेडरिक बारागा या कॅथलिक मिशनरी धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा मिळाली. तेव्हा त्यांचे वय 56 होते आणि अमेरिकेत येऊन त्यांना जवळजवळ 23 वर्षे झाली होती. त्यांच्या वाट्याला आलेला प्रदेश म्हणजे मिशिगन राज्याचा उत्तरेकडचा तुकडा. एका बाजूला सुपीरियर सरोवर, दुसऱ्या बाजूला मिशिगन सरोवर आणि मध्ये जंगल. रस्ते जवळपास नव्हतेच. डिसेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत सरोवरातली बोटवाहतूक बंद असे. लोक दोन प्रकारचे होते : पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे ओजिब्वे मूलनिवासी, आणि तांब्याच्या खाणींसाठी नुकतेच येऊन पडलेले आयरिश, जर्मन, फ्रेंच-कॅनेडियन मजूर. दोघांकडेही चर्च पोसण्याइतका पैसा नव्हता.

बारागांवर लिहिताना बहुतेक जण त्यांच्या बर्फातल्या पायपिटीपासून सुरुवात करतात. ‘स्नोशू प्रीस्ट’, म्हणजे बर्फपादुकांतला धर्मगुरू, हे नाव त्यांना चिकटले ते त्यामुळेच. पायपीट खरी आहे आणि तिच्याकडे आपण येऊ. पण हे प्रकरण नीट समजून घ्यायचे तर आधी जमीन आणि भाषा पाहावी लागते. त्यांचे जे काम टिकले ते या दोन गोष्टींत आहे आणि त्यातले जवळपास सगळे बिशप होण्याआधी झालेले आहे. बिशपपदाने त्यांना अधिकार दिला. त्याच पदाने त्यांना पैसे गोळा करणारा आणि माणसे शोधत फिरणारा प्रशासकही केले.

वकिलीचा अभ्यास आणि मागे सोडलेली मालमत्ता

बारागांचा जन्म 29 जून 1797 चा, कार्निओला प्रांतातल्या दोब्रनिचजवळच्या माला वास या गावचा. हा भाग आज स्लोव्हेनियात आहे. तेव्हा तो हाब्सबुर्ग साम्राज्यात होता. आई 1808 मध्ये गेली, वडील 1812 मध्ये. पोरका मुलगा ल्युब्लियानात दोलिनार नावाच्या प्राध्यापकांच्या घरी वाढला. 1816 ते 1821 या काळात त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात कायद्याचा अभ्यास पूर्ण केला. तिथेच क्लेमेंट मारिया होफबाउर या धर्मगुरूंचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पदवीनंतर वारशाची मालमत्ता बहिणींसाठी सोडून आणि ठरलेले लग्न मोडून ते सेमिनरीत दाखल झाले. 21 सप्टेंबर 1823 रोजी याजकदीक्षा झाली.

पुढची सात वर्षे कार्निओलातल्या धर्मग्रामांत गेली आणि ती सोपी नव्हती. त्या भागातल्या धर्मगुरूंवर यान्सेनवादी वळणाचा प्रभाव होता : पापनिवेदनाला आलेल्या माणसाला सहज क्षमा द्यायची नाही, कम्युनियन क्वचितच, लोकभक्तीला आवर. बारागा नेमके उलटे वागत. तासन्‌तास पापनिवेदन ऐकत, भक्तिमंडळे काढत, लोकांच्या स्लोव्हेनियन भाषेत प्रार्थनापुस्तक लिहीत. लोक त्यांच्याकडे लोटले आणि शेजारचे धर्मगुरू नाराज झाले. परदेशी मिशनची ओढ मनापासूनची होती, हे खरेच. घरच्या धर्मप्रांतात त्यांना जागा अपुरी पडत होती, हेही तितकेच खरे.

वाट मोकळी झाली ती 1829 मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेल्या लिओपोल्डाईन सोसायटीमुळे. अमेरिकेतल्या कॅथलिक मिशनांना पैसा आणि माणसे पुरवण्यासाठी ही संस्था निघाली होती. सिनसिनाटीच्या बिशपांना धर्मगुरू हवे होते. 29 ऑक्टोबर 1830 रोजी बारागांनी ल्युब्लियाना सोडले, वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते न्यूयॉर्कला उतरले आणि 18 जानेवारी 1831 रोजी सिनसिनाटीत पोहोचले.

तिथल्या सेमिनरीत ओटावा या मूलनिवासी जमातीचा विल्यम माकातेबिनेसी नावाचा एक तरुण शिकत होता. ओजिब्वेच्या अगदी जवळच्या ओटावा भाषेचे पहिले धडे बारागांनी त्याच्याकडून घेतले. वकील झालेला, 33 वर्षांचा, अर्धा डझन युरोपीय भाषा येणारा माणूस एका विद्यार्थ्यासमोर बसून शब्द गिरवतो, हे चित्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. या तरुणाचा उल्लेख शेवटी पुन्हा येईल.

पहिले यश आणि ग्रँड रिव्हरचे अपयश

28 मे 1831 रोजी ते मिशिगन सरोवराच्या काठी आर्ब्र क्रोश इथे पोहोचले. गावात आधीपासून ख्रिस्ती ओटावा कुटुंबे होती आणि त्यांनीच धर्मगुरू मागितला होता. त्यामुळे सुरुवात सोपी झाली. सव्वादोन वर्षांत 547 बाप्तिस्मे झाले. पुढच्याच वर्षी, 1832 मध्ये, ओटावा भाषेतले त्यांचे प्रार्थनापुस्तक डेट्रॉइटला छापून आले.

1833 मध्ये ते दक्षिणेला ग्रँड रिव्हरवर, म्हणजे आजच्या ग्रँड रॅपिड्सला गेले. तिथे त्यांच्या कामाने मार खाल्ला. काय बिघडले?

पहिले कारण दारू. कातड्यांच्या व्यापारात दारू हे जवळजवळ चलनच होते. हिवाळाभर शिकार करून आणलेली कातडी एका पिंपावर उधळली जात. बारागा बाप्तिस्म्याबरोबर दारू सोडण्याची शपथ घ्यायला लावत. म्हणजे प्रत्येक नवा ख्रिस्ती हा व्यापाऱ्याचा एक गेलेला गिऱ्हाईक. एका रात्री दारू प्यालेल्या जमावाने त्यांच्या घराला वेढा घातला होता. दुसरे कारण असे की जागा आधीच धरलेली होती. नदीकाठी बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे मिशन सरकारी कराराखाली चालू होते. त्यामुळे एकाच गावात दोन चर्च, दोन गट आणि अधिकाऱ्यांकडे दोन्हीकडून तक्रारी असा प्रकार झाला. तिसरे कारण सर्वांत मोठे होते : जमीन मिशनची नव्हती आणि पुढे ओटावांचीही राहणार नव्हती. गोऱ्या वसाहतवाल्यांचा लोंढा येत होता आणि 1836 च्या वॉशिंग्टन करारात ओटावा व ओजिब्वे यांनी मिशिगनचा मोठा भाग सोडून दिला. ज्या जमिनीवर चर्च उभे आहे तिचा कागद दुसऱ्याच्या हाती असेल, तर त्या चर्चचे आयुष्य किती, याचे उत्तर बारागांना इथे मिळाले. 1835 च्या सुरुवातीला त्यांना तिथून हलवण्यात आले.

27 जुलै 1835 रोजी सुपीरियर सरोवरातल्या मॅडेलिन बेटावर, ला प्वाँत इथे ते उतरले तेव्हा खिशात तीन डॉलर होते. तिथे अमेरिकन फर कंपनीचे मोठे ठाणे होते. आठ वर्षांत त्यांनी 981 बाप्तिस्मे दिले. मधल्या काळात, 1836-37 मध्ये, युरोपची फेरी मारून पैसा जमवला आणि पॅरिसमध्ये ओजिब्वे पुस्तके छापून घेतली.

लान्स : कागद आधी

1843 मध्ये बारागा सुपीरियर सरोवराच्या कीविनॉ उपसागराच्या टोकाला असलेल्या लान्स इथे गेले. पियर क्रेबासा नावाचा फर कंपनीचा व्यापारी बरीच वर्षे पत्रे लिहून त्यांना बोलावत होता. म्हणजे इथला व्यापारी शत्रू नव्हता, यजमान होता. ग्रँड रिव्हरशी तुलना करताना हा फरक फार मोलाचा आहे. दुसरा योग असा की पूर्व किनाऱ्यावर मेथडिस्ट मिशन होते, पण बारागांनी पश्चिम किनारा धरला. मध्ये पाणी आले. कुरबुरी झाल्या, पण एकाच गावात दोन चर्चांची रस्सीखेच टळली.

खरा प्रश्न मात्र कायद्याचा होता. 1842 च्या ला प्वाँत कराराने ओजिब्वेंनी हा सगळा किनारा सरकारला दिला होता, कारण सरकारला तांबे हवे होते. लोकांना तिथे राहण्याची, शिकारीची मुभा होती, पण ती राष्ट्राध्यक्ष जायला सांगेपर्यंतच. आपल्याकडे ज्यांनी वनजमिनीच्या ताब्याचे दावे जवळून पाहिले आहेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल : वहिवाट आहे, मालकी नाही.

बारागांचा उपाय असा होता. सरकारने ती जमीन विक्रीला काढल्यावर त्यांनी मिशनभोवतीची जमीन सरकारी दराने स्वतःच्या नावावर विकत घेतली. मग तिचे तुकडे पाडून कुटुंबांना वसवले. प्रत्येक कुटुंबाला लाकडी घर, भोवती बटाटे-भाजीपाल्याची जागा, मध्ये चर्च आणि शाळा. खरेदीची जमीन खासगी असल्याने तिथून लोकांना उठवण्याचा हुकूम सरळ लागू होत नव्हता. शिवाय मिशिगनच्या 1850 च्या संविधानाने कोणत्याही जमातीचे सदस्य नसलेल्या ‘सुसंस्कृत’ मूलनिवासी वंशाच्या पुरुषांना मतदानाचा हक्क दिला. घर, शेती, कर भरण्याची तयारी या गोष्टी त्या व्याख्येत बसायला उपयोगी होत्या. व्हिएन्नातली कायद्याची पाच वर्षे इथे कामी आली, असे म्हणायला हरकत नाही.

धोका खरा होता का? फेब्रुवारी 1850 मध्ये राष्ट्राध्यक्ष झकरी टेलर यांनी ओजिब्वेंना हलवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी शरद ऋतूत, करारानुसार सरकारने द्यायची वार्षिक देणी नेहमीच्या ला प्वाँतऐवजी मिनेसोटातल्या सँडी लेकला मिळतील, असे सांगून लोकांना पश्चिमेकडे बोलावले गेले. रसद आली नाही, पैसे आठवडेच्या आठवडे रखडले आणि थंडी पडली. तिथे व परतीच्या वाटेवर मिळून सुमारे 400 माणसे मेली. यानंतर विरोध इतका वाढला की हुकूम बारगळला. 1852 मध्ये वयोवृद्ध प्रमुख केचेवाइश्के थेट वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि 30 सप्टेंबर 1854 च्या करारात लान्ससह अनेक ठिकाणी कायम राखीव जमिनी ठरल्या. हे श्रेय मूलनिवासी नेत्यांचे आहे. बारागांच्या खरेदीने केले ते इतकेच की मधल्या धोक्याच्या दहा-बारा वर्षांत एक गाव जागेवर राहिले. हे ‘इतकेच’ त्या गावाला पुरेसे होते. आज त्या वस्तीला असिनिन्स म्हणतात, ओजिब्वे प्रमुखाच्या नावावरून.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जमीन धर्मगुरूच्या नावावर म्हणजे गावात कोण राहणार हे ठरवण्यात धर्मगुरूचा हात. दारूची शपथ मोडणाऱ्याला जागा अवघड होती. मिदेविविन या पारंपरिक विधिमंडळाशी संबंध तोडणे आणि त्याच्या वस्तू टाकून देणे ही बाप्तिस्म्याची अट होती. ओजिब्वेंना घरात बसवून शेतकरी करायचे, हे सरकारचेही धोरण होते. बारागा सरकारच्या स्थलांतराच्या विरोधात उभे राहिले, पण ‘सुसंस्कृत’ म्हणजे काय याची सरकारी व्याख्या त्यांनी फारशी नाकारली नाही. ओजिब्वे समाजात त्यांच्याबद्दल आदर आणि हळहळ दोन्ही आढळतात ते यामुळे.

आम्ही आणि आपण

लान्सच्या काळातच त्यांचे भाषेचे मोठे काम झाले. ओजिब्वे भाषेचे व्याकरण 1850 मध्ये डेट्रॉइटला छापले गेले, पाने 576. शब्दकोश 1853 मध्ये सिनसिनाटीला, पाने 662. सिनसिनाटीतच त्याच वर्षी त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली, हा योगायोग सुंदर आहे.

युरोपीय माणसाला ही भाषा कुठे अडते? नामे पुल्लिंगी-स्त्रीलिंगी नसतात. सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग असतात आणि क्रियापद त्याप्रमाणे बदलते. ‘पाहणे’ हे एकच क्रियापद माणसाला पाहिले तर एक रूप घेते, घर पाहिले तर दुसरे. कर्ता आणि कर्म दोन्ही क्रियापदातच गुंफलेले असतात. बारागांनी क्रियापदांचे नऊ गट पाडले आणि प्रत्येकाची होकारार्थी, नकारार्थी रूपे तक्त्यांत मांडली. बोलणाऱ्याला खात्री नसताना वापरायची संशयार्थी रूपे वेगळी दिली. व्याकरणाची पाने भरली आहेत ती याच तक्त्यांनी.

एका गोष्टीत मात्र मराठी माणूस त्यांच्यापेक्षा पुढे असता. ओजिब्वेत ‘आम्ही’ला ‘निनविंद’ आणि ‘आपण’ला ‘किनविंद’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे दर वाक्यात सांगावेच लागते. बारागांना येत असलेल्या जर्मन, फ्रेंच, लॅटिन, इटालियन, इंग्रजी यांपैकी कशातही हा भेद नाही. त्यांच्या मातृभाषेत द्विवचन आहे, पण हा भेद तिथेही नाही. प्रार्थनेत तर चुकून चालणारच नव्हते. प्रभूच्या प्रार्थनेची ओजिब्वे सुरुवात ‘नोसिनान’ अशी होते, म्हणजे ‘आमच्या पित्या’. ‘कोसिनान’ म्हटले तर ‘आपल्या पित्या’ होईल आणि देवालाही त्या पित्याची लेकरे असणाऱ्यांत धरल्यासारखे होईल. मराठीत आपणही ‘आमच्या’च म्हणतो, आणि तेही याच कारणाने.

गोव्यात याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केले होते. 1579 मध्ये आलेला हा इंग्रज जेझुइट मराठीत ओव्या रचण्याइतका इथल्या भाषांत रुळला आणि त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापले गेले. दोघांच्या पद्धतीत साम्य आहे : आधी प्रार्थना आणि धर्मशिक्षण, मग व्याकरण. कारण व्यवहारी आहे. पापनिवेदन दुभाष्यामार्फत ऐकता येते, पण गावातला दुभाषा सगळ्यांची गुपिते जाणतो म्हटल्यावर कोण मोकळेपणाने बोलेल? आधी धर्मगुरूला भाषा आली पाहिजे. नंतर त्याच्या जागी येणाऱ्याला ती लवकर यावी, म्हणून पुस्तक.

बारागांच्या लेखनपद्धतीत उणिवा आहेत. स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घ सातत्याने दाखवलेले नाही आणि कंठ्य अटकाव, म्हणजे घशात आवाज क्षणभर अडवून होणारा उच्चार, बहुतेक सुटला आहे. त्यामुळे नुसते पुस्तक वाचून उच्चार बरोबर येत नाही. ज्यांच्या तोंडून हे हजारो शब्द आले त्या ओजिब्वे माणसांची नावे मुखपृष्ठावर नाहीत, ही उणीव त्याहून मोठी. तरी भाषा पुन्हा शिकणाऱ्यांना हा कोश लागतोच. 1992 मध्ये मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीने तो पुन्हा छापला.

बिशप, पण धर्मप्रांत नाही

1852 मध्ये बाल्टिमोरला अमेरिकन बिशपांची पहिली सर्वसाधारण परिषद भरली. उत्तर मिशिगन डेट्रॉइटपासून तोडून वेगळे करावे, ही शिफारस तिथून रोमला गेली. 29 जुलै 1853 रोजी उत्तर मिशिगनचे ‘अपोस्टोलिक व्हिकॅरिएट’ स्थापन झाले. पूर्ण धर्मप्रांत बनवण्याइतके लोक, पैसे, धर्मगुरू नसतात तिथे ही तात्पुरती रचना करतात. तिथला बिशप पोपच्या वतीने कारभार पाहतो. स्वतःची गादी नसल्याने त्याला लुप्त झालेल्या एखाद्या प्राचीन धर्मप्रांताची पदवी दिली जाते. बारागा अशा रीतीने आशिया मायनरमधल्या अमिझोनियाचे बिशप झाले. तिथे ते कधी गेले नाहीत. जाण्याची अपेक्षाही नसते. 9 जानेवारी 1857 रोजी व्हिकॅरिएटचा धर्मप्रांत झाला आणि सू सेंट मेरी हे त्याचे ठाणे ठरले.

हद्दीचा घोळ मात्र राहिला. त्यांची जुनी ओटावा मिशने दक्षिणेला डेट्रॉइटच्या हद्दीत होती. ला प्वाँत मिलवॉकीच्या हद्दीत पडे. सरोवराचा उत्तर किनारा कॅनडात. या सगळ्या ठिकाणी ओजिब्वे-ओटावा बोलणारा बिशप एकच होता. शेजारच्या बिशपांनी म्हणून तिथले अधिकार त्यांच्याकडे सोपवले. नकाशावरच्या धर्मप्रांतापेक्षा त्यांचा प्रत्यक्ष कामाचा प्रदेश कितीतरी मोठा झाला, तो असा.

पहिले पत्रक त्यांनी दोन भाषांत काढले, एक इंग्रजीत आणि एक ओजिब्वेत. मूलनिवासी भाषेतले बिशपचे पत्रक ही अमेरिकेत नवी गोष्ट होती. मजकूर एकाचा दुसऱ्यात नुसता उतरवलेला नाही, हे विशेष. श्रोते बदलले तसा सूर बदलला आहे.

मग त्यांनी लगेच बोट धरली आणि 1853-54 मध्ये युरोप पालथा घातला. व्हिएन्नाची लिओपोल्डाईन सोसायटी, म्युनिकची लुडविग मिशन संस्था आणि लिओंची धर्मप्रसार संस्था हे त्यांचे तीन आधार होते. या पैशाची रीत समजून घेण्यासारखी आहे. संस्था छोट्या वर्गणीदारांवर चालत आणि वर्गणीदारांचा उत्साह टिकावा म्हणून मिशनऱ्यांची पत्रे छापत. त्यामुळे बारागांचे प्रत्येक पत्र एकाच वेळी अहवाल असे आणि मदतीचे आवाहनही. त्यातले बाप्तिस्म्यांचे आकडे आणि भाविकांची वर्णने वाचताना हे ध्यानात ठेवावे. 1852 पासूनची त्यांची रोजनिशी याच्या उलट आहे. जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, स्लोव्हेनियन, ओजिब्वे अशा मिसळीत, तुटक वाक्यांत, हवामान, पहिली बोट कधी आली, कोण धर्मगुरू सोडून गेला, याच्या नोंदी. माणूस कळतो तो तिथे.

सगळ्यांत अवघड गेले ते धर्मगुरू टिकवणे. युरोपातून माणूस येई तो वर्णने वाचून. इथे आल्यावर त्याला कळे की खाणीत इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन लागते, मिशनमध्ये ओजिब्वे. शेजारचा धर्मगुरू शंभर किलोमीटरवर. स्वतः पापनिवेदन करायचे तर वसंताची वाट पाहायची. काही जण वर्षा-दोन वर्षांत निघून जात, काही दारूला लागत. टिकले ते थोडे, पण भक्कम : इग्नाशियस म्राक, जे आधीपासून ओटावांत काम करत होते, आणि एडवर्ड याकर, ज्यांना बारागांनी 1855 मध्ये स्वतः दीक्षा दिली आणि जे ओजिब्वे उत्तम शिकले.

हिवाळ्यातला बिशप

बिशपने इतके फिरायचे कशाला? बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पक्की करणारा दृढीकरण संस्कार देणे, नव्या चर्चला आशीर्वाद, तक्रारींची चौकशी ही कामे सामान्यतः त्याचीच. अंतरे पाहा : सू सेंट मेरी पूर्वेच्या टोकाला, तांब्याच्या खाणी पश्चिमेला ओंटोनागॉनपर्यंत. मध्ये चारशे किलोमीटरहून अधिक. उन्हाळ्यात बोट. 1855 मध्ये सू सेंट मेरीचा कालवा उघडला आणि सुमारे साडेसहा मीटरच्या पाण्याच्या उतारावरून जहाजे थेट सुपीरियरमध्ये जाऊ लागली. त्याआधी माल उतरवून, धबधब्याला वळसा घालून, पुन्हा चढवावा लागे. हिवाळ्यात मात्र कुत्र्यांची गाडी, नाहीतर पाय.

बर्फपादुका म्हणजे अॅश झाडाच्या लाकडाची वाफेने वाकवलेली चौकट आणि तीत विणलेली कच्च्या चामड्याची जाळी. वजन पसरते, म्हणून पाय रुतत नाही. पण चाल बदलते. प्रत्येक पावलाला चौकट उचलून दुसरीच्या पलीकडे टाकावी लागते. सवय नसलेल्याच्या घोट्याच्या व नडगीच्या शिरा सुजतात. फ्रेंच-कॅनेडियन वाटाडे याला ‘बर्फपादुकांचा आजार’च म्हणत आणि त्यावर थांबण्यावाचून इलाज नसे. बर्फ वितळू लागला की चामडे भिजून सैल पडते आणि जाळी लोंबते. म्हणून मार्चमधली चाल जानेवारीपेक्षा वाईट. रात्री बर्फ उकरून, सूचिपर्णी झाडांच्या फांद्या अंथरून, शेकोटीकडे पाय करून झोपायचे. ओझ्यात मिस्साचे, म्हणजे कॅथलिक उपासनेचे, साहित्य : संतांचे अवशेष बसवलेला छोटा वेदीचा दगड, चषक, वस्त्रे, होस्ती म्हणजे कम्युनियनची भाकर आणि द्राक्षमद्य. द्राक्षमद्य शून्याखाली पाच-सहा अंशांवर गोठू लागते, म्हणून कुपी अंगालगत ठेवावी लागे.

बारागा या सगळ्यावर दिनचर्येचा ताण घालत. उन्हाळ्यात पहाटे तीन आणि हिवाळ्यात चार वाजता उठून ते दीर्घ प्रार्थना करत. प्रवासातही. साठीच्या माणसाने हे वर्षानुवर्षे करणे शहाणपणाचे होते का? आम्हाला वाटते, नव्हते. ज्या धर्मप्रांताच्या आसपास ओजिब्वे बोलणारा दुसरा बिशप नव्हता, त्याने आपला बिशप जपायला हवा होता. पण त्यांच्या जागी पाठवायला कोणी नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

पाण्यावर धोका निराळा होता. 1846 मध्ये लुई गोदँ या वाटाड्याबरोबर छोट्या होडीतून सुपीरियर ओलांडताना वादळात सापडून ते मिनेसोटाच्या किनाऱ्यावर एका नदीच्या मुखाशी वाचले. तिथे त्यांनी लाकडी क्रूस उभारला. आज तिथे दगडी क्रूस आहे आणि नदीला क्रॉस रिव्हर म्हणतात.

गादी हलवली

सू सेंट मेरी हे ठाणे म्हणून चुकले, हे काही वर्षांतच दिसले. व्हिकॅरिएट झाले तेव्हा ती सगळ्यात जुनी वस्ती होती, म्हणून निवड साहजिक. पण 1844 मध्ये लोखंडाचे खनिज सापडल्यावर मध्यावर मार्क्वेट हे बंदर वाढले, आगगाडी आली, धक्के झाले. लोक आणि पैसा पश्चिमेला सरकले. हिवाळ्यात सूमध्ये अडकलेला बिशप खाणवाल्यांना चार-पाच महिने पत्रांतूनच भेटे. बारागांनी रोमकडे परवानगी मागितली, ती ऑक्टोबर 1865 मध्ये मिळाली आणि 1866 च्या मेमध्ये ते मार्क्वेटला राहायला गेले. जुनी गादी टाकण्याची तयारी ठेवणे हा त्यांच्या बिशपपदातला सर्वांत व्यवहारी निर्णय म्हणावा लागेल. उशीर मात्र झाला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरच्या दुसऱ्या सर्वसाधारण परिषदेत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते जिन्यावर कोसळले. तिथेच राहून उपचार घ्या, असे सुचवले गेले. त्यांनी मार्क्वेटला परत नेण्याचा हट्ट धरला. सव्वा वर्ष अशक्तपणात काढून 19 जानेवारी 1868 रोजी ते वारले. संतपदाच्या प्रक्रियेत 10 मे 2012 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले.

त्यांच्या मागून 1869 मध्ये म्राक बिशप झाले. तिसरे बिशप जॉन व्हेर्टिन 1879 मध्ये. खाणींच्या मुलुखात फेरीवाल्याचा धंदा करणाऱ्या कार्निओलातल्या बापाचा हा मुलगा, ज्याला 1866 च्या ऑगस्टमध्ये, झटक्याच्या काही आठवडे आधी, बारागांनी दीक्षा दिली होती. तिन्ही बिशप एकाच छोट्या मुलुखातले, कार्निओलातले. खाणींमधल्या स्थलांतरितांतून धर्मगुरू निर्माण होऊ लागले होते.

ओजिब्वे आणि ओटावांतून मात्र बारागांच्या हातून एकालाही याजकदीक्षा मिळाली नाही. सिनसिनाटीत त्यांना पहिले शब्द शिकवणारा विल्यम माकातेबिनेसी 1832 मध्ये ऑगस्टिन हॅमलिन या दुसऱ्या ओटावा तरुणाबरोबर धर्मगुरू होण्यासाठी रोमला गेला होता. 1833 मध्ये तो तिथेच वारला. हॅमलिन दीक्षा न घेता घरी परतला आणि 1836 च्या कराराच्या वाटाघाटींत आपल्या लोकांबरोबर वॉशिंग्टनला गेला.